गॅरेजमधली टोळी

फ्लॅट बुश या परदेशातल्या उपनगरात, आमच्या घरात २०१४ च्या हिवाळ्यापासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत एक टोळी राहत होती. अश्मयुगातली. माणसं सव्वीस, सगळी एका गुहेत, आणि गुहा म्हणजे आमचं गॅरेज. गाडी आम्ही बाहेरच ठेवायचो, इथे बरेच जण ठेवतात तशी. गॅरेजमध्ये जुना गालिचा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, इस्त्रीचं टेबल आणि तांदळाच्या गोण्या असायच्या. संध्याकाळी त्या गालिच्यावर माझी नऊ वर्षांची लेक ताट घेऊन बसायची आणि खुर्चीत बसून माझे वडील तिला गोष्ट सांगायचे.

त्या दिवसांकडे आता पाहिलं की ते पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसतात. कडा हलतात. कामावरून येताना मोटरवेवर गाड्यांची रांग लागलेली असायची, डोकं दिवसभराच्या आकड्यांनी जड झालेलं. बांधकामाला काय किती लागेल याचे अंदाज काढणं हा माझा धंदा आहे. किती काँक्रीट, किती लाकूड, किती खिळे. गल्लीच्या वळणावर आलं की गॅरेजचं अर्धं उघडं दार दिसायचं, आत हीटरचा लालसर उजेड आणि भिंतीवर दोन सावल्या, एक मोठी, एक लहान. मी गाडी थांबवायचो आणि लगेच उतरायचो नाही. घरामागची टेकडी कापून तेव्हा नवे प्लॉट पाडत होते. पिवळ्या मातीवर काम संपलेली यंत्रं माना खाली घालून उभी असायची, आणि संधिप्रकाशात ती यंत्रं आहेत की चरून दमलेली जनावरं, हे ठरवायची मला घाई नसायची. त्यांच्यापलीकडे एक घळ होती, तिच्यात ओढा आणि दाट झाडी.

बाबा जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, पुण्याहून आले, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. शहात्तर वर्षांचे होते. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी फोरमनची नोकरी केली होती. आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर कारखान्यात फारशी आली नसावी. घरी तर नाहीच. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की माझी बहीण रेडिओ बंद करायची, मी पुस्तक उघडायचो आणि आई चहाचं आधण ठेवायची. हात त्यांनी क्वचितच उगारला. तशी गरजच पडायची नाही.

इथे आल्यावर त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, नात जेवत नाही. दोन, गॅरेजच्या दाराला रिमोट आहे. दोन्ही त्यांनी पहिल्याच आठवड्यात आपल्या ताब्यात घेतल्या. रिमोट सदऱ्याच्या खिशात गेला तो गेलाच. बायकोला कपडे वाळत घालायला गॅरेजमधून जायचं असलं तरी ती हाक मारायची, “बाबा, जरा दार उघडता का?” आणि ते उघडायचे, दिलदारपणे.

जेवणासाठी त्यांनी आधी बागुलबुवा काढून पाहिला. मला त्यांनीच वाढवलं होतं त्या बागुलबुवावर. लेकीने वरणभाताचा घास गालात धरून विचारलं, “हू इज ही? इज ही नाइस?” तिला मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीतून यायची. बागुलबुवा या देशात पोचलेला नाही, हे बाबांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोळी आणली.

टोळीतल्या कोणालाच नाव नव्हतं. “तेव्हा नावं निघाली नव्हती,” बाबा म्हणाले. एक होता म्होरक्या. गुहेबाहेरच्या झाडीत जे राहायचं, त्यालाही नाव नव्हतं. बाबा त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचे. ‘ते’ अंधार पडला की यायचं. त्याचा श्वास फक्त म्होरक्याला ऐकू यायचा. रोज संध्याकाळी म्होरक्या एकटा गुहेच्या तोंडाशी जायचा आणि दंडावर ओरखडे घेऊन परत यायचा. म्हणायचा, मी त्याच्याशी बोललो. जे माझं ऐकतील त्यांना ते नेणार नाही. म्हणून चांगलं मांस त्याचं, शेकोटीजवळची जागा त्याची, आणि कोणी कुठे झोपायचं हेही तोच ठरवणार.

घास तोंडात गेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही, हा नियम होता. एका घासाला एक वाक्य. आणि बाहेरचा उजेड विझायला आला की बाबा खिशातला रिमोट दाबायचे. दार घरघरत खाली यायचं, गालिच्यावरची उजेडाची पट्टी बारीक होत होत दोरीएवढी व्हायची, मग नाहीशी. त्या क्षणी बाबा हलकेच म्हणायचे, “आलं.” लेक तोंड उघडायची. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून आणलेली मेथीसुद्धा तिने त्या दिवसांत खाल्ली. त्यामुळे आम्ही कोणी काही बोललो नाही. फायदा सगळ्यांचाच होत होता.

मी बहुतेक वेळा इस्त्रीच्या टेबलाशी असायचो. वाफ, गरम कापडाचा वास आणि बाबांचा तो खालच्या पट्टीतला आवाज, यांत मलाच गुंगी यायची. कधी वाटायचं, सव्वीस जण खरंच भिंतीला टेकून बसलेत, तांदळाच्या गोण्यांच्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन, आणि मी त्यांच्यातला सत्ताविसावा आहे. मग डोकं आपोआप हिशेब करायचं. सव्वीस माणसं, आणि म्होरक्याच्या हातात एक सोटा. पंचविसांनी एकदम उठायचं ठरवलं तर म्होरक्या किती वेळ टिकेल? हिशेबाने काहीच नाही. आणि तरी टिकत होता.

सप्टेंबरात, इथला वसंत सुरू होऊन झाडांना पालवी फुटली तेव्हा, बाबांनी डावखुरा आणला. तरुण, भाला डाव्या हाताने फेकणारा, म्होरक्याला न भिणारा. मी मनात म्हटलं, सुटली टोळी. हा आता सांगणार की बाहेर काही नाही.

पण डावखुऱ्याने शेकोटीसमोर उभं राहून सांगितलं की काल रात्री ‘ते’ त्याच्याशीही बोललं. म्होरक्या खोटं सांगतो. ‘ते’ एक नाही, दोन आहेत, आणि दुसरं पहिल्यापेक्षा मोठं आहे. दुसऱ्याची भाषा फक्त डावखुऱ्याला येते.

टोळी फुटली. गुहेत दोन शेकोट्या पेटल्या. म्होरक्या बाहेरून येताना दोन्ही दंडांवर ओरखडे घेऊन यायला लागला. डावखुऱ्याने तर कानाचा तुकडा उडवून आणला. रोज दोघांपैकी एक जण भीती थोडी वाढवायचा आणि लोक त्याच्या शेकोटीकडे सरकायचे.

“बाबा, तेरा इकडे, तेरा तिकडे,” मी शर्टाची कॉलर दाबत म्हटलं. “असं किती दिवस चालणार? मतदान घ्या म्हणावं.”

“मतदान घेणाऱ्याच्या डोक्यात दगड घालतील,” बाबा म्हणाले. “आणि कारखान्यात बघितलंय मी. दोन युनियन झाल्या की माणूस दोघांना भितो.”

ऑक्टोबरात शाळेतून कॅम्पचं कळलं. तिच्या वर्गाला दोन रात्री पश्चिमेकडच्या वायटाकेरेच्या डोंगरात नेणार होते. लाकडी झोपड्या, ओढ्यात पोहणं, संध्याकाळी टॉर्च घेऊन झाडीत फिरणं. वर्षभर ती याची वाट पाहत होती. नवी झोपायची पिशवी आणून झाली होती, पोहायचे टॉग्जसुद्धा. एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात येऊन ओट्याला पाठ टेकली आणि सांगितलं की ती जाणार नाही.

“का गं?” बायकोने विचारलं.

“बिकॉज इट्स बुश.”

“मग? झाडीतच तर असतो कॅम्प.”

लेक जमिनीकडे बघत राहिली. मग अगदी हळू, आणि मराठीत, कारण त्याला इंग्रजी शब्द नव्हता, ती म्हणाली, “ते असतं.”

त्यानंतर आम्हाला एकेक आठवलं. कुंपणाशी गेलेला चेंडू ती हल्ली आणत नव्हती. उन्हं उतरली की मागच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला ती नाही म्हणायची. टेकडीकडची खिडकी स्वतः उठून लावून घ्यायची. वर्गातली सगळी मुलं जाणार होती. न गेलेल्यांना दोन दिवस दुसऱ्या वर्गात बसवणार होते, लहान मुलांबरोबर. त्या नुसत्या कल्पनेने तिचे डोळे भरत होते, आणि तरी जाणार नाही म्हणजे नाहीच.

“तुझ्या बाबांना तू सांगायचंस,” बायको म्हणाली. “मी सांगितलं तर सुनेचं बोलणं होईल.”

“सांगतो.”

“आज.”

“आज सांगतो म्हटलं ना.”

“आज म्हणजे इस्त्री झाल्यावर नाही.”

माझं वय चव्वेचाळीस होतं. घर माझ्या नावावर होतं, आणि त्या गॅरेजचं दार उघडायला मला परवानगी लागत होती. मी गेलो तेव्हा बाबा खुर्चीत बसून रस्त्याकडे पाहत होते. दिवसा त्यांचं ते आवडतं काम. टपालपेटीच्या पुढे ते एकटे कधी जात नसत. कुत्री असतात म्हणायचे, आणि कोणी इंग्रजीत काही विचारलं तर?

“बाबा,” मी म्हटलं, “ती कॅम्पला जायला घाबरतेय. गोष्ट बदला.”

“गोष्ट बदलत नसते. पुढे सरकते.”

“मग सरकवा. म्हणावं, बाहेर काही नव्हतंच.”

“कोण म्हणणार? म्होरक्या? तो कशाला म्हणेल?”

“पंचवीस जण आहेत. एकाला तरी कळेल की नाही? एक माणूस पंचविसांना किती दिवस—”

“तुम्ही तिघं होतात,” बाबा म्हणाले.

ते रागावले नव्हते. रस्त्याकडेच बघत होते. समोरच्या घरातला सामोअन मुलगा रबरी जँडल्स फटफटवत बास्केटबॉल आपटत होता, आणि तो आवाज आमच्या दोघांमध्ये येऊन पडत होता. तिघं म्हणजे आई, बहीण आणि मी. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

त्या संध्याकाळी बाबांनी गोष्ट सरकवायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. पहिल्या घासाला डावखुऱ्याने म्होरक्याला कड्यावरून ढकलून दिलं.

लेक चावायची थांबली. “देन लेफ्टी इज द चीफ. सेम थिंग, आजोबा.”

पुढच्या घासाला डावखुरा नदीत वाहून गेला.

“देन समबडी एल्स.”

बाबांनी दोघांनाही परत आणलं. मेले नव्हतेच म्हणाले. मग म्हणाले, ‘ते’ दूर देशी निघून गेलं. लेकीने इतक्या कीव आल्यासारख्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं की त्यांनी ते वाक्यही मागे घेतलं. घास हातातच राहिला. त्यांना सुचत नाहीये असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. दार अजून उघडं होतं. बाहेर आकाश फिकट जांभळं झालं होतं, आणि टेकडीवरची ती जनावरं हळूहळू काळी होत होती.

मी काही ठरवून बोललो नाही. संध्याकाळभर माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. म्हटलं, “बाबा, गुहा केवढी? या गॅरेजएवढी धरू?”

“धर.”

“यात सव्वीस माणसं रात्रभर ऊबेत ठेवायची. आणि आता शेकोट्या दोन. गाडीची डिकी भरून लाकूड लागेल एका रात्रीला, जास्तच. म्होरक्या उचलत नाही, डावखुरा उचलत नाही. मग रोज एवढी लाकडं आणतं कोण?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लेक गालिच्यावर बसल्या बसल्या त्यांच्याकडे वळली.

“येस,” ती म्हणाली. “हू ब्रिंग्ज द वुड?”

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“म्हातारी,” बाबा म्हणाले.

“विच म्हातारी?”

“एक होती. कोपऱ्यात असायची. शेकोटी तीच राखायची.”

“कधी आणते?”

“संध्याकाळी. सगळे आत आले, शेकोटी मंदावली, की ती उठायची.”

“आउटसाइड? इन द डार्क?”

“मग काय, लाकडं आत उगवतात?”

“बट ‘ते’ असतं ना!”

बाबा उघड्या दारातून बाहेर पाहत होते. “तिला ते कोणी विचारलंच नाही,” ते म्हणाले. “ती कमरेला कातडं खोचायची. दोघे भांडत असायचे, कोणाचं मोठं, कोणाचं भयंकर. कोणाचं लक्ष नसायचं. ती उठताना म्हणायची, ‘आलेच.’ आणि जायची. आणि यायची.”

इस्त्री मी उभी करून ठेवली. आमच्या पुण्याच्या घरामागे बोळ होता, बोळाच्या टोकाला पाण्याचा पंप आणि त्याचं बटण. दिवे गेले की त्या बोळात हाताला हात दिसायचा नाही. बहीण आणि मी मरून गेलो असतो तरी तिकडे फिरकलो नसतो. दिवे येताच पंप चालू करावा लागायचा, नाहीतर पाणी जायचं, म्हणून कोणीतरी आधीच जाऊन अंधारात उभं राहायचं. आई पदर खोचायची, म्हणायची, “आलेच,” आणि जायची. बाबा खाटेवर बसलेले असायचे. ते का जात नाहीत हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही, मोठेपणीही नाही. त्या गॅरेजमध्ये पडला, आणि बाबांकडे पाहिल्यावर लगेच सुटलाही.

“सो शी न्यू,” लेक म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ऑल द टाइम. तिने सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर म्होरक्याचं काय राहिलं असतं?”

लेकीने यावर विचार केला. हा प्रश्न तिने टाळला नाही; बाबांनाही तो तिच्यासाठी सोपा करावासा वाटला नाही.

“ही कॅन कॅरी वुड,” ती शेवटी म्हणाली.

“म्होरक्या लाकडं आणत नसतो.”

“नाऊ ही डझ.” आणि तिने घासासाठी तोंड उघडलं.

बाबांनी घास भरवला. म्हणजे नियमाप्रमाणे ते वाक्य गोष्टीत धरलं गेलं. चावून झाल्यावर लेक उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या रेघेवर थांबली. बाहेर जवळजवळ अंधार होता, गवताचा ओला वास येत होता. मी एक पाऊल पुढे टाकलं तर बाबांनी हाताने मला थोपवलं. ती मागे न बघता निघाली, घराला वळसा घालून कुंपणाकडे. पावलांचा आवाज थांबला. रिमोट बाबांच्या हातात होता आणि अंगठा बटणावर नव्हता, एवढं मी पाहिलं. मग ती धावत परत आली, धापा टाकत, चेंडू घेऊन. कितीतरी दिवसांचा तिथे पडलेला, शेवाळलेला.

“कोल्ड आहे,” ती म्हणाली. एवढंच.

ती एका रात्रीत निर्भय झाली असं मी लिहिणार नाही. कॅम्पच्या सकाळी ती गाडीतून उतरायला वेळ लावत होती. बसपाशी तिच्या बाईंनी “किया ओरा” असा इथला नमस्कार करून तिची पिशवी घेतली, तेव्हाही ती माझी बाही धरून होती. बस भरली, मैत्रिणीने खिडकीतून हाक मारली. तिने माझी बाही सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली आणि चढली. बस सुटली तेव्हा ती खिडकीशी नव्हती. पलीकडच्या बाजूला बसून कोणाशी तरी बोलत असावी. मी कामावर उशिरा पोचलो, आणि त्या दिवशी केलेला अंदाज दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा गॅरेजमध्ये एकच सावली होती. गालिचा रिकामा. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो.

“फोन?” बाबांनी विचारलं.

“तिकडे फोन नेऊ देत नाहीत.”

“हं.” थोड्या वेळाने, “झाडीत काय काय असतं रे इथे?”

“पॉसम असतात. मांजराएवढे. पक्षी.”

“साप?”

“साप नाहीत या देशात.”

“बिबट्या?”

“नाही. काहीच नाही, बाबा. चावणारं असं काही नाही.”

त्यांनी माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. “मग इथले लोक मुलं वाढवतात कशी?”

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. उजेड कमी होत गेला. दार बंद करायची वेळ होऊन गेली तरी ते बंद झालं नाही. थंड हवा आत येत होती, टेकडीची कड विरघळत होती, आणि भिंतीला टेकलेले ते सव्वीस जण आपापल्या जागी बसून होते, असं मला वाटत राहिलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेकोटी मंदावली होती.

आतून बायकोने हाक मारली, “अरे, कचऱ्याचा डबा बाहेर गेला नाही अजून. सकाळी लवकर येतात ते.”

मी उठायला लागलो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः उठले. खिशातून रिमोट काढून खुर्चीवर ठेवला. धोतर नसायचं ते. पायजमा होता, त्याचा एक पाय त्यांनी जरा वर खोचला. भिंतीशी ठेवलेला चाकांचा डबा त्यांनी तिरका केला आणि ओढत उंबऱ्याच्या रेघेवर आणला. तिथे थोडे थांबले.

आयुष्यभर बाबा बाहेर जायचे ते न सांगता. आम्ही कडीच्या आवाजावरून समजायचो.

“आलोच,” ते म्हणाले, आणि टपालपेटीच्या पुढे अंधारात डब्याच्या चाकांचा आवाज बराच लांबपर्यंत येत राहिला.